अडकलेला कागद

आमच्या पतसंस्थेत प्रिंटर बिघडला की एक ठरलेली हाक येते. "अक्का, जरा येता काय?" कॅशियरपासून शिपायापर्यंत सगळ्यांची मी अक्का. सेक्रेटरीसाहेब माझ्याहून चार वर्षांनी मोठे, पण तेही अक्काच म्हणतात. मी हातातलं व्हाउचर खाली ठेवते, डोक्यावरचा चष्मा नाकावर आणते आणि जाते. जाताना थोडा अभिमान असतो, तो कशाला लपवू?

या विषयातलं मी काही शिकलेली नाही. बी.कॉम. होऊन बेळगावात सून म्हणून आले आणि दोन वर्षांनी संस्थेत लागले. तेव्हा डॉट मॅट्रिक्स होता. दोन्ही कडांना भोकं असलेला लांबच लांब कागद, आणि आवाज असा की समोरच्या सभासदाला व्याजाचा दर ओरडून सांगावा लागायचा. पण त्या यंत्राचं दुखणं डोळ्यांना दिसायचं. अक्षरं पुसट झाली तर रिबन वाळलीय. प्रत्येक ओळीत एकाच उंचीवर पांढरी रेघ येतेय तर डोक्यातली एक पिन मोडलीय किंवा अडकलीय. कागद तिरका चाललाय तर भोकं दात्यांवर नीट बसलेली नाहीत. सगळं उघड्यावर, परसातल्या रहाटासारखं.

मग लेझर आला. बंद पेटी, वर दोन दिवे. बिघडला की दिवा लुकलुकतो, बाकी काही बोलत नाही. दुरुस्तीला येणाऱ्या मुलाच्या पाठीमागं उभी राहून मी विचारत राहायची. हे काय? ते कशाला? तोही बिचारा सांगत राहायचा. त्यातून जे कळलं ते असं. आत एक गुळगुळीत नळकांडं असतं, त्याला ड्रम म्हणतात. यंत्र त्याच्यावर विजेचा भार चढवतं. जिथं अक्षर हवं तिथला भार लेझरचा किरण उतरवतो आणि टोनरची पूड नेमकी तिथं चिकटते. टोनर म्हणजे शाई नव्हे, ती प्लॅस्टिकची अगदी बारीक भुकटी. ती कागदावर उतरते, आणि शेवटी कागद दोन तापलेल्या रुळांमधून जातो. तिथं 200 अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता असते. पूड वितळून कागदाला धरते. म्हणून ताजी प्रिंट भाजलेल्या पापडासारखी गरम हातात येते. आणि म्हणूनच पूड पदरावर सांडली तर गरम पाणी लावायचं नाही, डाग पक्का होतो. आधी झटकायचं, मग गार पाणी.

एवढं कळलं की निम्मी भीती जाते. लेकराचं पोट दुखतंय म्हटल्यावर आपण लगेच ऑपरेशनचं बोलत नाही. काय खाल्लंस, कधीपासून दुखतंय, शाळेत काही झालं काय, हे आधी विचारतो. इथंही तसंच. वायर नीट बसलीय काय, दार पुरतं लागलंय काय, ट्रेमध्ये कागद आहे काय? मग यंत्राचं स्वतःचं चाचणीचं पान काढायचं. ते स्वच्छ आलं तर यंत्र बरं आहे, गोंधळ कॉम्प्युटरमध्ये किंवा वायरमध्ये. तेच पान खराब आलं तर दुखणं यंत्राच्या पोटात. या एका पानानं अर्धी वाट सरते.

मधेच फिकट पट्टा येतोय? टोनर संपत आलाय. कार्ट्रिज काढून आडवं धरायचं, पाच-सहा वेळा हलवायचं, अजून शंभरेक पानं सहज निघतात. बोट फिरवलं की अक्षर पुसलं जातंय? रूळ तापत नाहीत किंवा कागदच त्याच्या कामाचा नाही. ठरावीक अंतरावर तोच ठिपका पुन्हा पुन्हा येतोय? आतल्या एखाद्या रुळावर डाग आहे, रुळाच्या प्रत्येक फेरीला तो उमटतो. मराठी नोटीस पाठवली आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी आली? प्रिंटरला बोलू नका. त्या कॉम्प्युटरवर तो जुना फॉन्टच नाही. आमच्याकडं नोटीस कन्नड आणि मराठी दोन्हीत निघते, त्यामुळं हे दुखणं दोन्ही भाषांत होतं. ज्या कॉम्प्युटरवर मजकूर टाइप केला तिथंच त्याची पीडीएफ करून मग पुढं न्यायची.

आणि बेळगावचा पाऊस. जूनला सुरू झाला की सप्टेंबरपर्यंत भिंतीही घाम गाळतात. कागद हवेतलं पाणी ओढून घेतो. मऊ पडतो, कडा वळतात, दोन-दोन कागद चिकटून आत जातात आणि मधेच गोळा होऊन बसतात. त्यामुळं 500 कागदांचं रिम एकदम फोडून ठेवायचं नाही. लागतील तेवढेच काढायचे, बाकीचे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कपाटात, जशी आपण पोह्याच्या पापडांची पिशवी बांधून ठेवतो. ट्रेमध्ये घालण्याआधी गठ्ठा हातावर वाकवून वारा द्यायचा, ट्रेवरच्या खुणेच्या वर भरायचा नाही.

पावसाळ्यात मी आणखी एक करते, त्याला ऑफिसातले हसतात. सकाळी बटण दाबण्याआधी दार उघडून आत बघते, बाहेरून दोन टिचक्या मारते. यंत्र ऊबदार असतं, तिथं पाल येऊन बसते, मुंग्या येतात. चातुर्मासात मुनिमहाराज विहार थांबवतात ते पायाखाली जीव येऊ नये म्हणून. माझ्या बटणाखाली तरी का यावा?

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते सांगते.

चार वर्षांपूर्वी संस्थेत एक नवा मुलगा लागला. नाव सांगत नाही, त्याला आवडायचं नाही. खेड्यातला, घरी आई आणि धाकटी बहीण. कमी बोलणारा, पण कामाला वाघ. मला पहिल्या दिवसापासून अक्का म्हणाला, आणि मी त्याला "बाळा, हे कर, बाळा, ते आण" म्हणत राहिले.

ऑफिसात माझा एक नियम होता. पाठकोरे कागद फेकायचे नाहीत. कच्च्या प्रिंटा, हिशोबाच्या तपासणीचे तक्ते, सगळं जुन्या कागदांच्या मागच्या बाजूला काढायचं. त्यासाठी माझ्या टेबलाखाली एक खोकं होतं. जुन्या फायलींतले कागद मी स्वतः पिना काढून त्यात टाकायची. वर्षाला इतकी रिमं वाचली म्हणून वार्षिक सभेत माझं नाव घेतलं गेलं, टाळ्याही झाल्या. अपरिग्रह तो हाच, असं मी मनाशी म्हणत होते. आपल्याकडं काटकसरीला धर्माचं नाव चटकन देता येतं.

त्या वर्षी भाद्रपदात वार्षिक सभेच्या नोटिसा काढायच्या होत्या. सभासद 1,200. सभा सप्टेंबरात घ्यावीच लागते आणि नोटिसा त्याआधी पुरेशा मुदतीनं पोचायला हव्यात, नाहीतर सभेत कुणीतरी उठून उभं राहतंच. गणेश चतुर्थी गुरुवारी होती. मंगळवारी दुपारी त्या मुलानं नोटिसांचा कच्चा नमुना काढायला घेतला आणि कागद अडकला. मी मान वर करून बघितलं तर हा मागचं दार उघडून कागद ओढतोय. जोरात. टर्रकन आवाज झाला, कागद फाटला. पुन्हा चालू केल्यावर प्रत्येक पानावर वरपासून खालपर्यंत एक काळी रेघ.

अशी रेघ म्हणजे ड्रमला ओरखडा. एवढं मला येत होतं. आणि एवढंच येत होतं म्हणून पुढचं झालं.

"हात लावायच्या आधी विचारायचं असतं," मी म्हटलं. माझा आवाज काउंटरच्या पलीकडं गेला. "ओढलास ना दांडगाईनं? आता 1,200 नोटिसा काय तू हातानं लिहिणार आहेस?"

"अक्का, मी काय केलो नाही. कागद आधीच अडकला होता."

"मग काय मी केलं?"

काउंटरवर सात-आठ सभासद होते. ते बघत राहिले. सेक्रेटरीसाहेब केबिनमधून बाहेर आले आणि म्हणाले, "खर्च येईल तो याच्या पगारातनं कापा. त्याशिवाय कळायचं नाही." मी तिथंच उभी होते. "राहू दे साहेब" हे तीन शब्द माझ्या तोंडून निघाले असते तर विषय मिटला असता. ते निघाले नाहीत.

दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो गावी गेला होता, गौरी-गणपती झाल्याशिवाय येणार नव्हता. यंत्राला कुणी हात लावायचा नाही, असं मी कागदावर लिहून वर चिकटवलं. बुधवार तसाच गेला. गुरुवारी सुट्टी. शुक्रवारी ऋषिपंचमी, म्हणजे आमच्या दशलक्षण पर्वाचा पहिला दिवस, उत्तम क्षमेचा.

सकाळी बसदीत गेले. पूजा झाली, प्रवचन झालं. क्षमेवरचं प्रवचन मी लहानपणापासून ऐकत आलेय, त्यामुळं कान तिथं आणि डोकं नोटिसांत. त्या दिवशी शास्त्रदानाचाही विषय निघाला. दानचिंतामणी अत्तिमब्बेची गोष्ट आपल्या बहुतेक बायकांना माहीत आहे. दहाव्या शतकात तिनं पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या 1,000 प्रती हातानं लिहवून घेतल्या आणि वाटल्या. मला हसू आलं. हजार प्रती, तेही अख्ख्या ग्रंथाच्या, आणि आमचं एका पानाच्या 1,200 नोटिसांपाशी अडलेलं. मग पंडितजी म्हणाले की जुन्या पोथ्या उतरवून काढणारे शेवटी लिहून ठेवत, समोर जसं होतं तसं मी उतरवलं, चूक आढळली तर दोष मला देऊ नका. हे वाक्य मात्र डोक्यात राहिलं. का राहिलं ते दुपारी कळलं.

माझं एकाशन होतं, जेवून दुपारी ऑफिसला गेले. तो मुलगा गणपतीसाठी रजेवर होता. कपाटात एक नवं कार्ट्रिज शिल्लक असल्याचं आठवलं. आमच्या मशीनमध्ये ड्रम कार्ट्रिजमध्येच असतो, म्हणजे कार्ट्रिज बदललं की नवा ड्रम आला. मग दुरुस्तीवाल्याची वाट कशाला बघायची? बटण बंद केलं, वायर काढली, तापलेले रूळ निवावेत म्हणून नेहमी अर्धा तास थांबतात, पण मशीन तीन दिवस गारच होतं. जुनं कार्ट्रिज काढून त्यावर कापड टाकलं, कारण ड्रमला उजेड सोसत नाही. मोबाईलची बॅटरी आत मारली.

कार्ट्रिजच्या जागेखाली, एका कोपऱ्यात, कागदाचा फाटका तुकडा होता. दोन बोटांनी हळूच काढला, कागद ज्या दिशेनं पुढं जातो त्याच दिशेनं. तुकडा एकच नव्हता. दोन कागदांचे कोपरे होते, आणि त्यांना एकत्र धरून ठेवणारी एक स्टेपलरची पिन. पिनेचा एक पाय सरळ झाला होता. दोन कागद एकमेकांना पिनेनं जखडलेले, ते यंत्रातून निघणार कसे? अडकणारच. आणि तो सरळ झालेला पाय ड्रमवर घासत राहिला, म्हणून ती रेघ.

तुकडा उलटा करून बघितला. निळ्या बॉलपेननं लिहिलं होतं, "व्याज तपासणे." अक्षर माझं.

म्हणजे कागद माझ्या खोक्यातले. पिना काढल्या म्हणून ज्या खोक्याची मी ग्वाही देत होते त्यातले. त्या पोरानं ट्रेमध्ये मी दिले तेच कागद घातले होते. समोर जसं होतं तसं. आणि तो सांगत होता, कागद आधीच अडकला होता. खरंच सांगत होता.

मी बराच वेळ खुर्चीवर बसून राहिले. कुणी बघितलं नव्हतं. पिन कचऱ्यात टाकली असती तर गोष्ट तिथंच संपत होती. खोटं कशाला बोलू, ते मनात येऊन गेलं.

मग नवं कार्ट्रिज बसवलं, दार लावलं, वायर जोडली. चाचणीचं पान आलं, स्वच्छ, रेघ नाही. आणि त्यामागून यंत्र आपोआप चालू लागलं. हे तुम्हीही बघितलं असेल. प्रिंटर बंद असतो तेव्हा माणसं थांबत नाहीत, प्रिंटचं बटण दाबतच राहतात. एकदा नाही आलं, पुन्हा दाब. ती सगळी कामं कॉम्प्युटरमध्ये रांगेत बसून राहतात, कॉम्प्युटर बंद करून चालू केला तरी जात नाहीत. यंत्र बरं झालं की एकामागून एक बाहेर येतात. म्हणून मी नेहमी सांगते, नवी प्रिंट देण्याआधी रांग उघडून बघा, नको ते रद्द करा. त्या दिवशी मीच विसरले.

नोटिशीचा तोच नमुना सहा वेळा आला. कॅशियरचा एक तक्ता आला. आणि शेवटी एक अर्ज. "मा. चेअरमनसाहेब यांस." तारीख बुधवारची. खाली त्या मुलाचं नाव. प्रिंटर बिघडण्यास आपल्याला जबाबदार धरलं असून आपली काही चूक नाही, तरी खर्च भरून देऊ, आणि या महिनाअखेर नोकरीतून मुक्त करावं. चार ओळी. माझं नाव कुठंच नव्हतं. ते असतं तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे मला कळतं. पण अर्ज वाचून झाल्यावरच ते आठवलं.

क्षमावाणीला अजून दहा-बारा दिवस होते. क्षमावाणीला आपण काय करतो? सकाळी उठून "उत्तम क्षमा"चं एक चित्र दोनशे जणांना पाठवतो. ज्यांच्याशी वर्षभर बोलणंसुद्धा झालेलं नाही त्यांचीही क्षमा मागून होते. ज्याला खरंच दुखावलंय त्याचा नंबर त्या यादीत असतो काय, हे मी त्याआधी कधी तपासलं नव्हतं. मी ठरवलं, तोवर थांबायचं नाही. आणि एक ठरवलं, एकट्याला बाजूला घेऊन सांगायचं नाही. बोलले चारचौघांत, तर हेही चारचौघांत.

सोमवारी तो आला. काउंटरवर गर्दी होती. मी ती पिन आणि कागदाचे ते कोपरे एका पाकिटात ठेवले होते. साहेबांच्या केबिनचं दार उघडं होतं, तिथं उभं राहून मोठ्यानं म्हटलं, "साहेब, मशीन या पिनेनं बिघडलं. पिन माझ्या खोक्यातली. कागदावर अक्षर माझं. याची काही चूक नव्हती. कार्ट्रिजचे पैसे मी भरलेत, पावती टेबलावर ठेवलीय." हात थरथरत होते. मग त्याच्याकडं वळून म्हणाले, "मी सगळ्यांसमोर बोलले ते चुकीचं होतं. मला क्षमा कर."

तो इतका लाजला की बघवेना. "राहू द्या की अक्का," एवढंच म्हणाला आणि टेबलावरची धूळ पुसायला लागला, जी तिथं नव्हतीच.

दुपारी तो अर्ज मी घडी करून त्याच्या हातात दिला. "मशीन चालू झाल्यावर बाहेर आला."

"वाचलात?"

"वाचला. ते पण चुकलं."

त्यानं अर्ज फाडला नाही. खिशात ठेवला. माझी इच्छा होती त्यानं फाडावा, माझ्यासमोर. पण क्षमा मागितली म्हणून समोरच्यानं लगेच आपल्या मनासारखं वागावं, हा पुन्हा आपलाच हट्ट. तो महिनाअखेर गेला नाही. दीड वर्ष राहिला आणि मग हुबळीत चांगली नोकरी मिळाली म्हणून पेढे देऊन गेला.

पाठकोऱ्या कागदांचं खोकं मी बंद केलं नाही, पण ते आता यंत्राजवळ जात नाही. त्या कागदांच्या वह्या शिवते, कच्च्या हिशोबाला वापरतो. ज्या कागदाला एकदा पिन लागलीय, जो वळलाय, ज्याच्यावर आधी एकदा टोनर तापलाय, तो पुन्हा यंत्रात घालून वाचलेल्या पैशापेक्षा गेलेला पैसाच जास्त. हे मला आधी कळायला हवं होतं.

माझी "आधी हे बघा" अशी एक यादी प्रिंटरशेजारच्या भिंतीवर आहे. वायर, दार, कागद, रांग, चाचणीचं पान. त्या घटनेनंतर सगळ्यात वर मी एक ओळ घातली, "ट्रेमध्ये कागद कुणी दिला ते नंतर, काय दिला ते आधी."

जाण्याच्या आदल्या दिवशी त्या मुलानं ट्रेच्या बाजूला एक जुना लोहचुंबक दोऱ्यानं बांधून ठेवला. मोडक्या स्पीकरमधून काढलेला. "कागद घालायच्या आधी एकदा फिरवायचं अक्का, पिन असली तर कळते." अजून तिथंच आहे. आता नवे कागदच घालतो, त्यात पिन कुठून येणार? तरी मी रोज फिरवते.